गिरणीपर्यंत ऐकू येणारं घर

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूनं मला जिन्यापाशी थांबवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "ताई, काकांना फार त्रास होतोय का? ऐकून वाईट वाटतं हो."

मला वाटलं, आबांचा खोकला वरपर्यंत जात असणार. मी म्हणाले, "औषध बदललंय डॉक्टरांनी. होईल कमी."

"खोकल्याचं नाही म्हणत मी. ते रोज दुपारी बोलून राहिले ना. थकलो म्हणतात. आता निघून जातो म्हणतात. काल तर मला गाडीतून उतरवेना."

मुलगा नागपूरकडचा, बँकेत नोकरीला, सभ्य. गल्लीत कुणाच्या अध्यात ना मध्यात. असल्या माणसानं माझी अशी थट्टा करावी, याचा मला आधी रागच आला. कारण माझे वडील बोलत नव्हते. लकवा मारल्यापासून त्यांच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला नव्हता. उजवी बाजू गेली होती, आणि बोलण्याचं काय झालं ते डॉक्टरांनी कागदावर मेंदूचं चित्र काढून मला समजावलं होतं. त्यांना सगळं कळतं, पण शब्द जुळत नाहीत. पुढं एखाददुसरा येईलही, पण घाईनं आशा धरू नका, असं म्हणाले होते.

आणि हे कुणाच्या बाबतीत, तर मार्केट यार्डात गुळाचे सौदे काढणाऱ्या माणसाच्या बाबतीत. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्पीपुढं उभं राहून आबा भाव पुकारायचे तेव्हा पलीकडच्या अडतीतले लोक आपलं बोलणं थांबवायचे म्हणे. घरीसुद्धा ते साधं पाणी मागायचे ते लिलाव पुकारल्यासारखं. आता आई कितीही मोठ्यानं बोलली तरी ते घर मला इतकं गप्प वाटायचं की माझ्याच चपलांचा आवाज नको व्हायचा.

"कोण बोलतं?" मी विचारलं.

"काका."

"तुम्ही कुठं ऐकलंत?"

"गाडीच्या रेडिओवर. दुपारी जेवायला येतो ना, चौकात वळलो की लागतं. पहिल्यांदा मला नाटक वाटलं. मग भांड्यांचा आवाज आला, तुमच्या आईंनी कुणाला तरी हाक मारली, तेव्हा कळलं की हे तर आपलंच घर आहे."

मी कठडा धरला. एका वाक्यात दोन धक्के होते. आमचं घर चौकापर्यंत ऐकू येत होतं, हा एक. आणि आबा बोलत होते, हा दुसरा. खरं तर पहिल्यानंच माझ्या तोंडचं पाणी पळायला हवं होतं. पण दुसऱ्यापुढं पहिला मला दिसलाच नाही.

हे रेडिओचं प्रकरण घरात मीच आणलं होतं. आमचं घर अरुंद आणि लांबलचक. पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि मागं परसू. आबांची कॉट सोप्यात. त्यांना काही हवं असलं की ते डाव्या हातानं स्टीलचा पेला कॉटच्या दांडीवर आपटायचे, आणि मागं नळाखाली भांडी घासणाऱ्या आईला ते ऐकू यायचं नाही. मग ती बिचारी दर थोड्या वेळानं हात पुसत पुढं धावायची. बाई ठेवू म्हटलं तर नको. मी रजा काढते म्हटलं तर तेही नको. तिचं सगळ्यावर एकच उत्तर होतं, "मी हाय की."

मोबाईल तिला जमत नव्हता. "त्या पाटीवर बोट ठिवलं की भलतंच कायतरी उघडतंय," म्हणायची. रेडिओ मात्र तिचा जुना सोबती. म्हणून मी एक छोटं एफएम प्रक्षेपण यंत्र मागवलं. आबांच्या उशाशी बारीक माइक, कपाटावर यंत्र, आणि आईजवळ हातात मावेल असा रेडिओ. ती स्वयंपाकघरात असो, परसात असो नाहीतर गच्चीवर पापड वाळत घालत असो, पेल्याचा आवाज तिच्या कानाशी. मागवताना दोन प्रकार दिसले होते, एक खोलीपुरतं आणि एक मोठ्या ताकदीचं. आता चप्पल असो वा मिक्सर, घ्यायचं तर दणकटच घ्यायचं, हा आम्हा कोल्हापूरकरांचा बाणा. भिंती जाड आहेत, अशी वर मी स्वतःची समजूतही घातली. ज्युनियर कॉलेजात पोरांना लहरी शिकवणारी बाई मी, पण ही लहर भिंतीबाहेर किती जाईल याचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. स्वयंपाकघरात खणखणीत ऐकू आलं आणि मी खूश झाले.

त्या संध्याकाळी मी आबांच्या जवळ बसले. म्हणाले, "आबा, बोला की काहीतरी. मी कुणाला सांगत नाही." त्यांनी माझ्याकडं पाहिलं, डोळे थोडे हसले, बाकी काही नाही. आई आतून ओरडली, "कशाला छळतीस गं त्यास्नी?"

मी तिला काही सांगितलं नाही. माझ्या मनानं एव्हाना सगळं जुळवून टाकलं होतं. आयुष्यभर गर्जणारा माणूस. आता शब्द फुटतात ते मोडकेतोडके, म्हणून आमच्यासमोर लाजत असणार. आई मागं गेली की एकटे बोलून बघत असणार. आणि काय बोलतात, तर थकलो, निघून जातो. आबा बोलायला लागले होते आणि पहिल्यांदा मरणाचंच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात अर्धी रजा टाकली. घरात गेले असते तर ते गप्प झाले असते, म्हणून गल्लीच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. मोबाईलला कानातली वायर जोडली आणि आमची जागा लावली. दोन स्टेशनांच्या मधली ती मोकळी जागा मीच निवडलेली होती.

आधी पंखा ऐकू आला. मग चमचा वाटीवर वाजला. आईचा नेहमीचा मोठा आवाज आला, "आ करा. आनि एक. शाब्बास." इतक्या लांब बसून आपलं घर असं कानात येतं याचीच मला शिरशिरी आली. मग भांडी उचलल्याचा आवाज, पावलं, आणि बराच वेळ नुसता पंखा.

आणि मग तो आवाज आला. खोल, घोगरा, अगदी माइकजवळचा.

"थकलो बगा आता."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. समोरून जाणारा एक सायकलवाला वळून बघत गेला. मला त्याचं काही वाटलं नाही. आबा बोलत होते! आणि शब्द मोडकेही नव्हते, सरळ वाक्यच्या वाक्य बोलत होते.

"पाठ धरलीया. ह्यो हात खांद्याच्या वर जात न्हाय. कुनाला सांगू? एकदा निघूनच जातो. आजऱ्याला जातो भावाकडं. चार दिस काजू फोडत बसतो. तिथं मला कोन हाक मारनार न्हाय, कोन उठवनार न्हाय."

आजऱ्याला भाऊ? आबांना भाऊच नाही. ते शाहूवाडीकडचे, एकुलते एक. आजरा म्हणजे तर...

"अवं, गप काय बगतासा? तुमी तरी बोला की."

आजरा हे आईचं माहेर होतं. तो आवाज आईचा होता.

बाहेरच्यांना सांगायला हवं, की आमच्या कोल्हापुरात बायका "मी जाते, मी करते" म्हणत नाहीत. "मी जातो, मी करतो, मी आलो" असंच म्हणतात. मीही घरात तसंच बोलते. "जाते" आणि "करते" फक्त कॉलेजात, आणि आत्ता इथं लिहिताना. त्या नागपूरच्या मुलानं "थकलो" ऐकलं आणि त्याला पुरुष दिसला, यात त्याचा काय दोष? पण मी तर इथलीच. आईच्या पोटची. तरीही, कुणीतरी "काका" म्हणाल्याबरोबर मला काकाच ऐकू आले. माणसाला जे हवं असतं ते कान कुठूनही काढून देतात.

आणि आईचा हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, हेही खरं. मला ठाऊक असलेली आई मोठ्यानं बोलायची, मोठ्यानं हसायची. मी दारात आले की "आलीस? चा टाकतो!" अशी आरोळी. ही कानातली बाई कोण होती? आबांची आशा तर मेलीच होती, तिच्यासाठी रडायलासुद्धा मला सवड मिळेना, कारण आई पुढं बोलतच होती. "पोरीला सांगू नगासा हां," म्हणाली, आणि स्वतःच हसली. ज्यांना शब्द नाही त्यांना ती कुणाला सांगू नका म्हणत होती.

तेवढ्यात समोरची पिठाची गिरण बंद झाली. घरघर थांबली आणि त्या शांततेत मला तोच आवाज दोन ठिकाणांहून आला. एक माझ्या कानात, आणि दुसरा रस्त्यापलीकडून. गिरणीतल्या फळीवर, पिठानं पांढरा झालेला रेडिओ होता. त्याच्यातून माझी आई म्हणत होती, "रातभर डोळा लागत न्हाय."

गिरणीवाल्या काकूंनी हात झटकले, पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं आणि त्या तरातरा आमच्या घराकडं चालायला लागल्या. मी दिसले नाही त्यांना, किंवा दिसूनही त्यांनी दुर्लक्ष केलं असेल. मी कानातली वायर काढली नाही. थोड्या वेळानं कडी वाजली आणि काकू माझ्या कानात शिरल्या, "वैनी, ताक हाय काय वाटीभर? कढी करीन म्हनतो."

"हाय की! ये, बस." आईचा आवाज टुणकन वर. जणू ती मघाची बाई खोलीतून निघूनच गेली.

मला हसू येईना, रडू येईना. रोज दुपारी आमच्याकडं कुणी ना कुणी टपकायचं. कुणाला विरजण हवं, कुणाला सुई, कुणाला कढीपत्त्याची काडी. आईची दुपारची झोप मोडते म्हणून मी या बायकांवर चिडून होते. एकदा तर, दुपारी दाराला कडी लावून घेत जा, असं आईला बजावलं होतं.

काकू परत येईपर्यंत मी गिरणीच्या दारात उभी राहिले. हातात खरंच ताकाची वाटी होती. मला बघून त्या जराही दचकल्या नाहीत.

"काकू, तुम्ही आमच्या घरातलं ऐकताय?"

"व्हय, ऐकतो. मग काय कान कापून ठिवू?"

"हे बरं आहे का? चोरून ऐकायचं?"

"चोरून?" त्यांचा आवाज चढला. "तू लावलंयस ते मशीन का मी? गानी लावाय गेलतो, तर तुजी आई लागली. पहिल्यांदा मलाबी कळंना. मग कळलं, तवा शिलाईवालीला सांगितलं, कोपऱ्यावरच्या मामींना सांगितलं. जिला सवड आसंल तिनं जायाचं. आमी काय गावभर दवंडी दिली न्हाय."

"आईला ठाऊक आहे?"

"तिला कळलं तर तोंड मिटंल तिचं. आनि मग ती कुनाला सांगंल? तुला?"

काकूंनी वाटी फळीवर ठेवली आणि गिरण पुन्हा चालू केली.

राग कुणाचा आला ते मला आजही नीट सांगता येणार नाही. काकूंचा, माझा, त्या यंत्राचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत वाढलेली माणसं आम्ही. आई पाठदुखीचं माझ्यापुढंही बोलत नव्हती आणि तिचं कण्हणं पिठाबरोबर दळून निघत होतं. त्यात परवानगीशिवाय असली ताकद हवेत सोडणं हा गुन्हा, हे मी शोधून वाचलं, आणि उरलीसुरली झोपही गेली. उद्या कुणी तक्रार केली तर? आणि त्याहून वाईट म्हणजे, उद्या कुणी टिंगल केली तर?

यंत्राची ताकद कमी करायचं मी त्याच वेळी ठरवलं. भाडेकरूला खरा प्रकार सांगितला तेव्हा तो कानशिलापर्यंत लाल झाला. "म्हणजे तुमच्या आई होत्या? इकडं बायका जातो म्हणतात?" मग तो घाईनं म्हणाला, "आवाज कमी करून टाका ना मग."

सगळ्यांना तसंच वाटतं. पण आवाज कमी केला तर चौकात तो बारीक ऐकू येईल, इतकंच. चौकापर्यंत जायचं काही थांबणार नाही. अँटेना काढून टाकली तर बाहेर जाणारी शक्ती उलटून यंत्रातच फिरते आणि आतला भाग जाळते. म्हणून यंत्र आणि अँटेना यांच्यामध्ये रोधांची, म्हणजे रेझिस्टरची, एक छोटी साखळी घालायची. शक्तीचा मोठा हिस्सा तिथंच तापून जिरतो, उरलेला थोडासा बाहेर पडतो. त्यातही गंमत अशी की शक्ती निम्मी केली म्हणून पल्ला निम्मा होत नाही. शंभरावा हिस्सा ठेवावा, तेव्हा कुठं पल्ला दहावा होतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसून मी ती साखळी डाख देऊन जोडली. यंत्र सोप्यातून उचलून घराच्या मधोमध, माजघराच्या माळ्यावर नेलं, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बंद केलं आणि माइकची वायर तिथवर ओढली.

"काय करतीस?" आईनं विचारलं.

"खरखर येते ना, ती घालवतो," मी म्हणाले.

मग कानात वायर घालून गल्लीतून चालत गेले. आत आबांच्या कॉटजवळ टेबलावरचं घड्याळ ठेवलं होतं. त्याची टिकटिक जिथं बंद पडेल तिथं आमचं घर संपलं. पहिल्या वेळी ती शिलाईवालीच्या दारापर्यंत आली. परत गेले, आणखी एक साखळी घातली. मग ती विजेच्या खांबापाशी विरली. आणखी थोडं कमी केलं, तेव्हा आमच्याच पायरीवर थांबली. मागं परसात मात्र स्वच्छ येत होती. मी गिरणीवरून मुद्दाम चालत गेले. काकूंनी रेडिओची खुंटी इकडून तिकडं, तिकडून इकडं फिरवली. नुसती खरखर. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि खुंटी बंद केली.

काम चोख झालं होतं. मला समाधान वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर बायका यायच्या बंद झाल्या असं नाही, पण त्यांचं टायमिंग चुकायला लागलं. कुणी सकाळी यायची, जेव्हा आई आबांना पुसून काढत असे. कुणी दिवेलागणीला यायची, तेव्हा मी घरात असे आणि त्यांना चहा देऊन वाटेला लावत असे. दुपारी कुणी फिरकेना. आई मात्र होती तशीच होती. तीच आरोळी, तेच हसणं. मी त्या हसण्याकडं आता निरखून बघायचे, आणि मला त्यात काही सापडायचं नाही.

मग एक दिवस कॉलेजातून आले तर आरोळी आली नाही. घरभर जळका वास. आई माजघरात जमिनीवर बसलेली, पाठ भिंतीला टेकलेली, पाय पसरलेले. आत गॅसवर दुधाचं पातेलं जळून कोळसा झालेलं. सोप्यात आबा पेला आपटत होते, थांबत होते, पुन्हा आपटत होते. किती वेळ चाललं होतं हे, कुणास ठाऊक. तिच्या शेजारी रेडिओ पडला होता आणि त्यातूनही पेलाच वाजत होता.

मी गॅस बंद केला, तिच्यापाशी येऊन बसले. "कधीपासून बसलीयस अशी?"

"आत्ताच तर. पाठीत जरा लचक भरली." मग ती थांबली आणि छताकडं बघत म्हणाली, "त्या मशीनचं काय केलंस गं तू? माजा आवाज गिरनीपतूर जात न्हाय आताशा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"तुला म्हाईत होतं?"

"न म्हाईत व्हायला काय झालं? एकदा ह्यास्नी म्हटलं, अंग ठनकतंय, तर शिलाईवाली तेल घिऊन हजर. म्हटलं, आसंल योगायोग. मग एक दिवस मुद्दाम म्हटलं, मेथीची भाजी खावीशी वाटती. दिवस मावळायच्या आत तीन घरातनं मेथी आली." ती हसली, आणि लगेच कळ आली म्हणून तोंड वाकडं केलं. "तवापासनं बघून बोलायचो. लई जड झालं तरच."

भूल पडली होती ती फक्त मला आणि त्या नागपूरच्या पोराला. आई सगळं जाणून होती. गल्लीनं तिच्यापासून लपवलं होतं, तिनं गल्लीपासून लपवलं होतं, आणि त्या दोन्ही बाजूंच्या लपवण्यावर तिच्या दुपारा निभावत होत्या. मी मात्र शंभरावा हिस्सा, दहावा हिस्सा करत बसले होते.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "मी घरातच आहे ना गं? मला सांगायचं सोडून जगाला?"

"तुज्या तोंडाकडं बघून न्हाय बोलाय येत मला." तिनं हे इतकं साधेपणानं सांगितलं, की मला रागवायला जागाच उरली नाही. "तुला सांगितलं तर तू नोकरी सोडून बसशील. आनि मग माज्यासारखी हसशील. ते बघाय नको मला."

मी तिला उठवून झोपवलं. डॉक्टर येऊन गेले, सक्तीची विश्रांती सांगून गेले, आणि ती दुसऱ्या दिवशीच पुन्हा उभी राहिली. यंत्राची ताकद वाढवणं काही शक्य नव्हतं. कायदा होता आणि त्याची मला धास्ती होती. काकूंना जाऊन मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता तूच ऐक की." एवढंच बोलून त्या पुढचं गिऱ्हाईक बघायला लागल्या.

पुढच्या रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात होते. आबांना जेवू घालायला आई पुढं गेली. जाताना तिनं रेडिओ उचलला नाही. ओट्यावर, माझ्या पुढ्यात ठेवला, त्याच्या आवाजाची खुंटी जरा वाढवली आणि माझ्याकडं न बघता निघून गेली.

चमचा वाजला. घास झाले. मग पंखा. मी भांडी घासायची थांबवली, नळ बंद केला.

"अवं," आईचा तो खोल आवाज आला. "तुमास्नी कळतंय सगळं, म्हनून सांगतो. तुमी गेल्यावर जाईन आजऱ्याला, असं ठरवलंतं मी. पन तुमी काय जात न्हाईसा. आनि आता वाटाय लागलंय, माजाच नंबर आधी लागतोय."

हे ती त्यांच्या तोंडावर बोलत होती. ज्यांना सगळं कळतं, त्या माणसाला. मला धावत जाऊन तिचं तोंड दाबावंसं वाटलं, पण मी रेडिओजवळून हलले नाही.

"राग मानू नगासा. तुमच्यावर माजा राग न्हाय, कवाच नव्हता. पन मला चार दिस झोपायचं हाय. पोरगी ऱ्हाईल तुमच्यापाशी. तिला करू दे की जरा, तिचंबी बाप हाईसा तुमी. मी जाऊ काय? सांगा की. जाऊ?"

पंखा फिरत होता. रेडिओत बाकी काही नव्हतं. मी ओट्याला दोन्ही हात टेकून उभी होते आणि रेडिओच्या इतकी जवळ वाकले होते की माझा श्वास त्याच्या जाळीवर आपटत होता.

मग आवाज आला. एकच. घशातून ओढून काढलेला, लांब. मग कॉट करकरली आणि आई ओरडली, तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, रेडिओशिवायही घरभर ऐकू येईल अशी, "अगं ये! पळ! बोलले! जा म्हनाले गं, जा म्हनाले!"

मी धावत सोप्यात गेले. आबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडं उतरत होतं. तोंड मिटलेलं. मी वाकून म्हणाले, "आबा, पुन्हा म्हणा." त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. आईनं त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता, आणि ती लहान मुलीसारखी माझ्याकडं बघत होती.

"ऐकलंस न्हवं तू? आत रेडिओत आलं आसंल की. जा म्हनाले न्हवं?"

मला नुसतं "आ" ऐकू आलं होतं. खोकल्याआधी येतो तसा, किंवा आईनं घास पुढं केला की येतो तसा. मी जाळीला कान लावून ऐकलं होतं, त्यात "जा" कुठंच नव्हता.

"व्हय," मी म्हणाले. "ऐकलो की. जा म्हणाले."